रोजनिशी : मनाची कीर्द आणि खतावणी

जुन्या मराठी पेढीवर दिवस मावळला म्हणून लगेच दुकानाच्या फळ्या लागत नसत. गिऱ्हाईक पांगल्यावर मुनीम बैठकीवर बसे, कंदिलाची वात वर करी, रोजकीर्द पुढ्यांत ओढी आणि दिवसभरांत जें आलें व जें गेलें तें, ज्या क्रमानें घडलें त्याच क्रमानें, वहींत उतरून काढी. शिलकेचा मेळ बसला म्हणजे मगच गल्ल्याला कुलूप पडे. कीर्दींत निवडानिवड नसे. शंभर रुपयांच्या मालाला एक ओळ मिळे, तशीच दोन आण्यांच्या सुतळीलाही मिळे. पुढें सवडीनें याच नोंदी खतावणींत जात, आणि तेथें मात्र प्रत्येक रकमेला तिचें खातें शोधून द्यावें लागे. ज्या रकमेचें खातें लागत नसे ती उचंत खात्यांत पडून राही. उचंत फार फुगलें कीं जाणता मालक अस्वस्थ होई. कारण पैसा पेढींतच असूनही तो कोणाचा व कशाचा, हें कोणालाच सांगतां येत नसे.

‘रोजनिशी’ हा शब्दही अशाच दप्तरांतून आलेला आहे. सातारकर महाराजांच्या व पेशव्यांच्या रोजनिश्यांतून गणेश चिमणाजी वाड यांनीं निवडलेले उतारे विसाव्या शतकाच्या आरंभीं छापून प्रसिद्ध झाले. नेमणुका, इनामें, वसूल, दंड, न्यायनिवाडे यांच्या नोंदींनीं ते भरलेले आहेत; लिहिणाऱ्या कारकुनाचें मन त्या दिवशीं कसें होतें, हें त्यांत शोधूं जाणें व्यर्थ होय. पुढें सुशिक्षित माणूस स्वतःविषयीं रोज चार ओळी लिहूं लागला, तेव्हां त्या नव्या वहीलाही जुनेंच नांव चिकटलें. महर्षि विठ्ठल रामजी शिंदे यांच्यासारख्या कर्त्या पुरुषानें १९३० सालीं येरवड्याच्या तुरुंगांत जी वही लिहिली, तीही रोजनिशीच. नांव जुनें राहिलें हें एका अर्थीं बरेंच झालें. रोजच्या लेखनानें मनाला जो आराम पडतो, त्याचें मर्म या हिशेबी शब्दांतच सांपडतें.

रोज लिहिणाऱ्या माणसाला ‘यानें काय साधतें?’ असें विचारलें, तर बहुधा एकच उत्तर मिळतें : मन मोकळें होतें. हें उत्तर अनुभवाचें आहे, म्हणून तें खोटें म्हणतां येत नाहीं. मन मोकळें कां होतें, हा प्रश्न मात्र त्यानें सुटत नाहीं. सामान्य समजूत अशी कीं, मन हें भांड्यासारखें आहे; त्यांत राग, दुःख, मत्सर, भीति हीं सांचत जातात, आणि लेखणीच्या वाटेनें तीं ओतून टाकलीं कीं भांडें रिकामें होतें. शोकांतिका पाहून प्रेक्षकाच्या मनावर जो परिणाम होतो त्यासाठीं ॲरिस्टॉटलनें वापरलेल्या ग्रीक शब्दाला मराठी टीकाकारांनीं ‘विरेचन’ हा प्रतिशब्द दिला, तो याच कल्पनेस धरून. पण ज्या आयुर्वेदांतून हा शब्द घेतला, तेथें रेचक देऊन वैद्याचें काम संपत नाहीं. विरेचनानंतर पेया, विलेपी अशा पायऱ्यांनीं रोग्याला हलक्या आहारावरून नेहमींच्या आहारावर आणावें लागतें. यालाच संसर्जनक्रम म्हणतात. मळ बाहेर गेला तरी रोग्याचा अग्नि पुन्हां नीट पेटविल्यावांचून त्याला बरें वाटत नाहीं, हें जुन्या वैद्यांना पक्कें ठाऊक होतें. लेखनाच्या बाबतींतही नुसतें ओतणें हें अर्धेंच काम होय.

या गोष्टीचा प्रत्यक्ष प्रयोगानें शोध घेण्याचा प्रयत्नही झालेला आहे. अमेरिकेंत टेक्सस प्रांतांतील सदर्न मेथडिस्ट विद्यापीठांत जेम्स पेनेबेकर व सँड्रा बील यांनीं ४६ विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग १९८६ सालीं प्रसिद्ध झाला. या विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटें, लिहावयास सांगण्यांत आलें. कांहींना क्षुल्लक विषय दिले होते. बाकीच्यांनीं आयुष्यांतील अत्यंत क्लेशदायक प्रसंगाविषयीं लिहावयाचें होतें. पण त्यांतही तीन गट होते. एकानें केवळ घटना लिहाव्या, दुसऱ्यानें केवळ भावना लिहाव्या, आणि तिसऱ्यानें घटना व भावना दोन्ही लिहाव्या, अशी वांटणी होती. या तिसऱ्या गटाची स्थिति मोठी बोलकी ठरली. लेखणी खालीं ठेवतांच पाहिलें तर त्यांचीं मनें हलकीं होण्याऐवजीं उदास झालेलीं होतीं, आणि रक्तदाबही तुलनेनें वाढलेला होता. पुढील सहा महिन्यांत मात्र विद्यापीठाच्या दवाखान्यांतील त्यांच्या खेपा क्षुल्लक विषयांवर लिहिणाऱ्यांपेक्षां कमी भरल्या. केवळ घटनांची जंत्री लिहिणाऱ्यांना तसा लाभ झाला नाहीं.

पुढें पेनेबेकर यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशा लेखनांतील शब्द मोजून पाहिले, व ते निष्कर्ष १९९७ सालीं मांडले. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत ज्यांच्या लेखनांत कारण दाखविणारे आणि उमज पडल्याचे शब्द वाढत गेले, त्यांची प्रकृति पुढें अधिक सुधारली असें त्यांना दिसून आलें. ‘म्हणून’, ‘त्यामुळें’, ‘आतां लक्षांत येतें’ अशा धर्तीचे ते शब्द होत. जोॲन फ्रॅटारोली यांनीं २००६ सालीं अशा १४६ प्रयोगांचा एकत्र विचार केला, तेव्हां लाभ खरा, पण सरासरीनें लहान, असा निष्कर्ष निघाला. तेव्हां रोजनिशी ही सर्व व्याधींवरची मात्रा नव्हे, हें आरंभींच मान्य केलेलें बरें. पण लहान लाभ कोणत्या वाटेनें येतो हें कळलें, तर ती वाट धरतां येते.

ती वाट कीर्दीकडून खतावणीकडे जाते. मनांतील बरीचशी अस्वस्थता ही उचंत खात्यांतील रकमेसारखी असते. दुःख असतें, पण कशाचें हें ठरलेलें नसतें. राग असतो, पण कोणावर हें नीट लागलेलें नसतें. अशी बेवारशी रक्कम मग ज्याच्या त्याच्या नांवावर पडते. एखाद्या कचेरींतील कारकुनाचें उदाहरण घ्यावें. साहेब त्याला चारचौघांदेखत लागेल असें बोलतात. रात्रीं तो वहींत तेवढेंच लिहितो : अपमान झाला, संताप आला. दुसऱ्या रात्रीं तेंच पुन्हां. तिसऱ्या रात्रीं लिहितां लिहितां त्याच्या ध्यानांत येतें कीं, साहेबांचे शब्द तसे नेहमींचेच होते. शेजारच्या टेबलावरचा सोबती त्या वेळीं हंसला, आणि जिव्हारीं लागलें तें तें हंसणें. चौथ्या रात्रीं लेखणी आणखी मागें जाते. लहानपणीं पाहुण्यांदेखत वडील असेच रागावले असतां भावंडें तोंडावर हात ठेवून हंसलीं होतीं, हें त्याला आठवतें. इतकें कागदावर आल्यानें साहेब बदलत नाहींत, पगार वाढत नाहीं, सोबत्याचा स्वभावही पालटत नाहीं. पण साहेबांच्या नांवावर चुकून मांडलेली मोठी रक्कम तेथून निघून आपल्या खऱ्या खात्यावर जाते. पहिल्या रात्रीं आमटींत मीठ कमी पडल्याचें निमित्त होऊन त्याच्या बायकोला उगाच बोल बसला होता. चौथ्या रात्रीं आमटी तशीच अळणी असली तरी तो मुकाट्यानें मीठ मागून घेतो. रोजनिशीचा खरा गुण घरच्या माणसांना असा पानावर कळतो.

मनांतल्या मनांत हेंच कां होत नाहीं, असा प्रश्न कोणी विचारील. मनांत विचार गोल फिरतो. तोच प्रसंग, तेंच वाक्य, तोच न दिलेला जबाब. कागदावर मात्र एक वाक्य संपवून पुढचें सुरू करावें लागतें. वाक्याला कर्ता लागतो, आणि कर्ता लिहितांना ‘हें कोणीं केलें?’ या प्रश्नाचें उत्तर द्यावें लागतें. क्रियापदाला काळ लागतो, आणि काळ लिहितांना ‘हें संपलें आहे कीं अजून चालू आहे?’ हें ठरवावें लागतें. कालचें लिहिलेलें आज तसेंच पुढें असतें. स्मरणाप्रमाणें तें रातोरात आपला रंग बदलीत नाहीं. व्याकरण ही एरवीं शाळेंतली रुक्ष गोष्ट, पण दुःखाला तिच्यासारखी शिस्त दुसरें कोणी लावीत नाहीं.

या दोन्ही अवस्था, ओतणें आणि मांडणें, एकाच वहींत पहावयाच्या असतील तर ॲन फ्रँक या मुलीची रोजनिशी पहावी. जर्मनीच्या ताब्यांत गेलेल्या हॉलंडमध्यें, ॲम्स्टरडॅम शहरीं, १२ जून १९४२ रोजीं तेराव्या वाढदिवशीं या ज्यू मुलीला लाल-पांढऱ्या चौकड्यांच्या कापडाची एक वही मिळाली. पुढें महिन्याच्या आंतच, ६ जुलै १९४२ रोजीं, फ्रँक कुटुंबाला प्रिन्सेनग्राख्त रस्त्यावरील २६३ क्रमांकाच्या इमारतीच्या मागील भागांत लपून बसावें लागलें. तेथेंच वडिलांची व्यापारी कचेरी होती. कांहीं काळानें आठ माणसें त्या कोंदट जागेंत रहात होतीं. दिवसां खालीं वखारींत लोक काम करीत, म्हणून पावलें वाजवावयाचीं नाहींत, मोठ्यानें बोलावयाचें नाहीं, अशी सक्ति होती. दोन वर्षांहून अधिक काळ हें चाललें. अशा ठिकाणीं चौदा वर्षांच्या मुलीनें राग काढावा कोणावर, आणि दार आपटावें तें कोणतें? तिनें वहींतील नोंदी ‘किटी’ नांवाच्या एका कल्पित मैत्रिणीला पत्रें म्हणून लिहिल्या, आणि आपला सारा संताप त्यांत ओतला.

त्या संतापाचा फार मोठा वांटा तिच्या आईच्या नांवावर पडलेला होता. पहिल्या दीड वर्षांतील कित्येक नोंदी आईविषयीं इतक्या कठोर आहेत कीं, वाचणाऱ्यालाही संकोच वाटावा. मग १९४४ च्या जानेवारीच्या आरंभीं एके दिवशीं ॲननें जुनीं पानें चाळलीं, आणि तिची तिलाच लाज वाटली. एवढा द्वेष आपल्या मनांत खरोखर होता काय, असा प्रश्न तिनें स्वतःला घातला व त्याचें उत्तर शोधावयास बसली. आपण केवळ आपल्याच दुःखांत बुडालों होतों; आईही त्याच भिंतींच्या आंत तितकीच गांजलेली होती; तिच्या चिडण्याला आपणही कारण झालों; अशीं कारणें एकामागून एक तिनें मांडलीं. आणि त्यांतून तिनें एक शहाणपणाचा दिलासा काढला : तीं कठोर वाक्यें आईच्या काळजांत रुतून बसण्यापेक्षां कागदावर पडलीं हेंच बरें झालें. पुढें मायलेकींचें पूर्ण जुळलें असें नाहीं. आईविषयींचें अंतर तिच्या लेखनांत शेवटपर्यंत जाणवतें. पण द्वेष गेला आणि अंतर राहिलें. मोठी रक्कम फिटली आणि खरी शिल्लक काय ती उरली. दीड वर्ष रोजकीर्द लिहिली गेली नसती, तर त्या दिवशीं खतावणी कशावरून झाली असती?

या मुलीच्या गोष्टींत दुसरीही एक बाब आहे, आणि घर चालविणाऱ्या माणसांनीं ती विशेष ध्यानांत घेण्यासारखी आहे. त्या अडचणीच्या जागेंत ॲनच्या खोलींत एक प्रौढ दंतवैद्य भागीदार होते, आणि लिहिण्याच्या लहानशा टेबलावरून १९४३ च्या जुलैंत दोघांचा वाद झाला. ॲननें आठवड्यांतून दोन दुपारीं टेबल अधिक वेळ मिळावें एवढेंच मागितलें होतें. पोरीच्या लिहिण्याला कसलें आलें आहे महत्त्व, असा त्या गृहस्थांचा सूर होता. अखेर वडिलांनीं, ऑटो फ्रँक यांनीं, मध्यें पडून मुलीला तो वेळ मिळवून दिला. याच वडिलांच्या चामड्याच्या पिशवींत ॲनची वही ठेवलेली असे. ती पिशवी त्यांच्या उशाशीं असे, आणि वही उघडणार नाहीं असा शब्द त्यांनीं मुलीला दिलेला होता. आठ माणसें, चार भिंती, बाहेर मृत्यु, करमणुकीचें साधन जवळजवळ नाहीं, आणि हाताशीं आपल्याच मुलीचें मन लिहिलेली वही. तरीही तो शब्द पाळला गेला. मुलगी निर्भयपणें लिहूं शकली ती या शब्दाच्या आधारावर.

१९४४ च्या मार्चमध्यें लंडनहून डच मंत्री बोल्केस्टाइन यांनीं रेडिओवरून भाषण केलें, आणि लोकांनीं युद्धकाळांतील रोजनिश्या व पत्रें जपून ठेवावीं असें सुचविलें. तें ऐकून ॲननें आपल्या वहीवरून सुट्या कागदांवर नवें लेखन तयार करण्यास आरंभ केला. नांवें बदलण्याचें योजिलें, कांहीं मजकूर गाळला, कांहीं नवा घातला. जगासाठीं लिहावयाचें तर वेगळे कागद घ्यावे लागतात, हें तिला कोणीं शिकवावें लागलें नाहीं. ४ ऑगस्ट १९४४ रोजीं ती सर्व माणसें पकडलीं गेलीं. पकडणाऱ्या अधिकाऱ्यानें दागिने भरण्यासाठीं तीच पिशवी जमिनीवर उपडी केली, आणि कागद विखुरले. कचेरींतील मीप खीस या बाईंनीं सहकारिणीच्या मदतीनें ते गोळा केले, टेबलाच्या खणांत ठेवले, आणि मुलगी परत येईल तेव्हां तिचे तिला द्यावयाचे म्हणून वाचले नाहींत. मुलगी परत आली नाहीं. १९४५ च्या आरंभीं बेर्गेन-बेल्सेनच्या छावणींत तिचा अंत झाला. आठांपैकीं एकटे वडील परतले. मीपबाईंनीं कागद त्यांच्या स्वाधीन केले, तेव्हां त्यांनीं ते प्रथम वाचले, आणि आपली मुलगी इतकी खोल होती हें आपल्याला ठाऊकच नव्हतें, असें त्यांनीं पुढें सांगितलें. १९४७ सालीं त्यांनीं तें पुस्तक प्रसिद्ध केलें.

याच्या अगदीं उलट चित्र टॉल्स्टॉय यांच्या घरीं दिसतें. १८६२ सालीं चौतीस वर्षांच्या टॉल्स्टॉय यांचें अठरा वर्षांच्या सोफियाशीं लग्न ठरलें, तेव्हां त्यांनीं प्रामाणिकपणाच्या कल्पनेनें आपल्या तरुणपणच्या रोजनिश्या लग्नापूर्वींच तिच्या हातीं दिल्या. त्यांत त्यांच्या पूर्वायुष्यांतील सर्व स्खलनें नोंदलेलीं होतीं. लिहिणाऱ्याचें मन त्या पानांनीं हलकें झालें असेल. वाचणारीच्या मनावर मात्र तो भार जन्मभर राहिला. पुढें त्या घरांत दोघेही रोजनिशी लिहीत, आणि एकमेकांची वाचीत. मग प्रत्येक नोंद ही अर्धी कबुली आणि अर्धी फिर्याद होऊं लागली. आयुष्याच्या अखेरच्या वर्षीं, १९१० सालीं, ब्यायशीं वर्षांच्या त्या थोर लेखकाला केवळ स्वतःपुरती अशी एक निराळी वही धरावी लागली, व ती त्यांनीं बुटांत लपविली. ती देखील पत्नीच्या हातीं लागली. त्याच वर्षीं ऑक्टोबरच्या अखेरीस एका रात्रीं आपल्या कागदांची शोधाशोध चाललेली त्यांना ऐकूं आली, आणि पहांटेपूर्वींच त्यांनीं घर सोडलें. वाटेंत आजारी पडून अस्तापोवो येथील स्टेशनमास्तरच्या घरांत त्यांना मरण आलें. सोफियाबाईंना दोष देऊन हें प्रकरण मिटत नाहीं. तेरा मुलांना जन्म देणारी आणि नवऱ्याचीं हस्तलिखितें पुनःपुन्हां उतरून काढणारी ती बाई लग्नाआधींच दुसऱ्याच्या रोजनिशीनें घायाळ झालेली होती. जी वही एकाच्या एकांतासाठीं असते ती दोघांची झाली, म्हणजे ती औषधाचें काम सोडून शस्त्राचें काम करूं लागते, एवढाच याचा अर्थ.

मराठी घरांत ही गोष्ट ऐकून दुरूनच हळहळण्याचें कारण नाहीं. ‘घरांत कसलें आलें आहे खासगी?’ हें वाक्य अनेक सुशिक्षित घरांतही अभिमानानें उच्चारलें जातें. मुलीची वही चाळली जाते, सुनेच्या पेटींतील कागद पाहिले जातात, नवऱ्याच्या खणांतील डायरी सहज म्हणून उघडली जाते. वाचणाऱ्याचा हेतु बहुधा दुष्ट नसतो. त्याला काळजी हेंच नांव दिलेलें असतें. पण आपली वही वाचली गेली हें ज्याला कळलें, तो दुसऱ्या दिवसापासून वाचणाऱ्यासाठीं लिहूं लागतो. कर चुकविणारा व्यापारी जशा दोन चोपड्या ठेवतो, तशाच तोही ठेवतो. फरक इतकाच कीं, त्याची खरी चोपडी कागदावर कोठेंच रहात नाहीं. घराला दाखविण्याची एक गोड रोजनिशी तयार होते, आणि खरें दुःख पुन्हां उचंत खात्यांत जाऊन पडतें. ज्या आईबापांना मुलाच्या मनाची काळजी वाटते, त्यांनीं मुलाजवळ बसून त्याला विचारावें. त्यानें अन्न टाकलें, झोप टाकली, माणसें टाकलीं असें दिसलें, तर उशीर न करतां डॉक्टरला दाखवावें. वही चोरून वाचून मिळालेली माहिती हातीं राहते, पण मूल हातचें जातें.

राहिला प्रश्न लिहिण्याच्या पद्धतीचा. समर्थ रामदासांनीं दासबोधांत लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समास लिहिला आहे. अक्षर कसें वळणदार असावें, कागदाच्या कडेला जागा कशी सोडावी, याचा त्यांत बारकाईनें विचार आहे. पण तें ग्रंथ उतरून काढणाऱ्यासाठीं. मनाची कीर्द लिहिणाऱ्याला वळणाची चिंता नको, शुद्धलेखनाची नको, आणि सुभाषिताची तर मुळींच नको. डोरोथिया ब्रँड या अमेरिकन लेखिकेनें १९३४ सालच्या आपल्या पुस्तकांत होतकरू लेखकांना असें सांगितलें कीं, रोजच्यापेक्षां अर्धा तास लवकर उठावें, आणि कोणाशीं बोलण्यापूर्वीं, कांहीं वाचण्यापूर्वीं, सुचेल तें लिहावें. ज्युलिया कॅमेरॉन यांनीं १९९२ सालच्या पुस्तकांत सकाळचीं तीन पानें हातानें लिहिण्याचा नेम घालून दिला, व तीं कोणाला दाखवूं नयेत असेंही बजावलें. सकाळीं नळाचें पाणी, दूध आणि मुलांची शाळा यांत जिचा जीव अडकलेला असतो, त्या गृहिणीला हा नेम झेपणार नाहीं. तिला दुपारची निजानीज झाल्यावरचीं पंधरा मिनिटें पुरतील. वेळ कोणतीही असो, ती रोज तीच असावी. कारण नेमाच्या वेळीं मन आपण होऊन वहीपाशीं येऊन बसतें.

रात्रीं लिहिणाऱ्यांसाठीं एक उपयुक्त सूचना बेलर विद्यापीठांतील २०१८ सालच्या प्रयोगांतून मिळते. निजण्यापूर्वीं पांच मिनिटें कांहीं जणांनीं उद्यां करावयाच्या कामांची यादी केली, तर कांहींनीं उरकलेल्या कामांची केली. उद्यांची यादी करणाऱ्यांना झोप लवकर लागली. राहिलेलें काम डोक्यांत धरून ठेवण्याची पाळी कागदावर सोंपविली, कीं डोकें निजावयास मोकळें होतें. म्हणून रात्रींच्या नोंदीचा शेवट उद्यांच्या दोन-तीन ओळींनीं करावा.

एक धोकाही सांगितला पाहिजे. नवरा-बायकोची ताटातूट झालेल्या लोकांवर डेव्हिड स्बारा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केलेल्या व २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असें आढळलें कीं, ज्यांचा स्वभावच एकाच दुःखाला घोळीत बसण्याचा असतो, त्यांना भावना खोल उकरून लिहिण्यानें आराम पडण्याऐवजीं उशीरच लागला. दिवसाच्या साध्या कामांविषयीं लिहिणें त्यांना अधिक मानवलें. यावरून एक साधी कसोटी निघते. पंधरवड्यानें मागचीं पानें उलटून पहावीं. तेंच दुःख त्याच शब्दांत दहा वेळां आलेलें दिसलें, तर कीर्द भरते आहे पण खतावणी होत नाहीं, असें समजावें. मग कांहीं दिवस तो विषय सोडून द्यावा. आज काय शिजविलें, कोण भेटलें, बाजारांत भाव काय होता, एवढेंच लिहावें. आणि तें दुःख विश्वासाच्या माणसाजवळ अथवा मनाच्या डॉक्टरजवळ बोलावें. कांहीं हिशेब एकट्याच्यानें लागत नाहींत. त्यांना दुसऱ्या जाणत्या माणसाची नजर लागते.

वर्षअखेरीस भरलेल्या वहीचें काय करावें, याचा निर्णय लिहिणाऱ्याचा. कोणी ती जपून ठेवील, कोणी बंबांत घालील. वही जळाली तरी झालेली मांडणी जळत नाहीं. घरच्या वडीलधाऱ्यांच्या हातीं मात्र एक गोष्ट आहे. मुलाच्या किंवा मुलीच्या तेराव्या-चौदाव्या वाढदिवशीं कपडे आणि घड्याळ यांच्याबरोबर दोनशें कोऱ्या पानांची एक वही द्यावी, आणि देतांना एक वाक्य बोलावें : ही तुझी आहे, ही कोणी उघडणार नाहीं. वहीची किंमत थोडीच पडेल. वाक्याची किंमत पुढें रोज द्यावी लागेल, वही उघड्यावर राहिलेली दिसेल त्या दिवशीं तर विशेषच. ज्या घरांत ती किंमत बिनबोभाट दिली जाते, त्या घरांतील मूल मोठें झाल्यावर कदाचित् आपण होऊन एखादें पान आईपुढें ठेवील. आणि न ठेवील तरी त्यानें रात्रीं जें कागदावर सोडलें, तें सकाळीं घरांतल्या कोणाच्या अंगावर येणार नाहीं.